रविवार, दुपारचे तीन: फ्रान्सच्या हौशी रग्बीत शिरायचं कसं

टीव्हीवर दिसणारं फ्रेंच रग्बी म्हणजे टॉप १४. तुलूझ, ला रोशेल, बोर्दो, भरगच्च स्टेडियम आणि शनिवारी रात्री झगझगीत दिवे. फ्रेंच रग्बी महासंघाच्या दप्तरी मात्र सुमारे दोन हजार क्लब आहेत आणि त्यांतले व्यावसायिक क्लब फक्त ३०. टॉप १४ मध्ये १४ आणि त्याखालच्या प्रो डी-२ मध्ये १६. बाकी सगळे हौशी. सुतार, शिक्षक, द्राक्षबागायतदार, नर्स, पोस्टमन, तुलूझच्या विमान कारखान्यातले इंजिनियर आणि कॉलेजची पोरं मिळून ते चालवतात.

तुलूझ, बोर्दो किंवा माँपेलिएला नोकरी-शिक्षणासाठी आलेल्या मराठी माणसाला या जगाची पहिली ओळख बहुधा ऑफिसातल्या एखाद्या सहकाऱ्याच्या काळ्यानिळ्या डोळ्यावरून होते. सोमवारी सकाळी तो कॉफी घेत सांगतो, ‘काल आम्ही हरलो, पण बोनस मिळाला.’ हे वाक्य धड कळावं आणि पुढचा रविवार आपणही मैदानावर काढावा, यासाठी हा लेख.

एक गोष्ट आधीच डोक्यात बसवा. या लीगमध्ये गुणांपेक्षा मोठी चिंता माणसांची असते. रविवारी दोन संघ उभे राहतील एवढी माणसं जमणार का? बरेचसे नियम, दंड, सवलती आणि भांडणं याच प्रश्नातून निघालेली आहेत. नियमावली वाचून गोंधळलात तर हा प्रश्न आठवा, निम्मा गुंता सुटतो.

आधी शिडी बघून घ्या

वरचे दोन विभाग १९९८ साली स्थापन झालेली व्यावसायिक लीग चालवते. त्याखालचं सगळं महासंघाच्या हातात आहे. महासंघाचं मुख्यालय पॅरिसच्या दक्षिणेला मार्कुसी इथे आहे. गावाकडचे लोक ‘मार्कुसीने असं ठरवलंय’ म्हणतात तेव्हा आवाजात साधारण तोच सूर असतो, जो आपल्याकडे ‘मंत्रालयातून आलंय’ म्हणताना लागतो.

प्रो डी-२ च्या लगेच खाली नास्योनाल. २०२० साली सुरू झालेला हा १४ क्लबांचा विभाग. नावापुरता हौशी, कारण इथल्या बऱ्याच खेळाडूंना पगार असतो. त्याखाली २०२२ पासून नास्योनाल २, त्यात १२-१२ क्लबांचे दोन गट. मग खरी हौशी मंडळी सुरू होतात: फेदेराल १, फेदेराल २, फेदेराल ३. इथपर्यंत स्पर्धा देशपातळीवरची, पण गट भूगोल बघून पाडलेले. त्याखाली रेजिओनाल १, २ आणि ३, ज्या त्या त्या प्रदेशाच्या लीगा चालवतात. ऑक्सितानीची लीग वेगळी, नुव्हेल-आकितेनची वेगळी.

रेजिओनाल ही नावं २०२२ ची. क्लबातले म्हातारे आजही ‘ओनर’ आणि ‘सेरी’ ही जुनीच नावं घेतात. कुणी अभिमानाने सांगितलं, की ‘मी तिसऱ्या सेरीत चॅम्पियन होतो’, तर ते अगदी तळाच्या एका पायरीबद्दल बोलतायत. हसू नका, त्या विजयाचा फोटो बारच्या भिंतीवर लावलेला असतो.

दरवर्षी उन्हाळ्यात गट जाहीर होतात आणि फ्रान्सभर किलोमीटर मोजण्याचा कार्यक्रम सुरू होतो. फेदेरालच्या गटात साधारण १२ क्लब असतात, प्रत्येकाशी घरी एक आणि बाहेर एक, म्हणजे २२ सामने. त्यातले ११ बाहेरगावचे. बसचं भाडं हा क्लबाच्या खर्चातला मोठा आकडा असल्यामुळे शेजारची चार गावं गटात आली तर खजिनदार खूश. डोंगरापलीकडचा क्लब आला तर तक्रारीचं पत्र लिहायला घेतात.

क्लबांच्या नावांनी दबकू नका. ‘फुटबॉल क्लब’ असं नाव असलेल्या कित्येक जागी रग्बीच खेळतात. फ्रान्सचा स्टार खेळाडू आंत्वान द्युपाँ लहानपणी ज्या गावच्या क्लबात खेळायला शिकला, त्याचं नावही माग्नोआक फुटबॉल क्लब. मात्र दक्षिणेत, विशेषतः ओद आणि कातालान भागात, ‘ट्रेझ’ म्हणजे १३ जणांचं रग्बी खेळणारे क्लबही आहेत. तो वेगळा खेळ आहे, त्याचा महासंघही वेगळा. महायुद्धकाळातल्या व्हिशी राजवटीने १९४१ साली त्यावर बंदी घातली होती आणि ती जखम अजून पूर्ण भरलेली नाही. चुकून त्या क्लबात ‘पंधरा’चं कौतुक करत बसू नका.

क्लब निवडा, पण विभाग बघून नव्हे

नवखा माणूस पहिली चूक इथे करतो. शहरातला सर्वांत वरच्या विभागातला क्लब शोधतो, तिथे जातो आणि मोसमभर बाकावर बसतो. कधीच खेळला नसाल तर रेजिओनाल २ किंवा ३ चा क्लब बघा, घरापासून जवळचा. तिथे माणसं हवीच असतात. ऑगस्टच्या एखाद्या संध्याकाळी सरावाच्या वेळी मैदानावर जाऊन ‘बाँजूर, मला सुरुवात करायचीय’ एवढं म्हटलं तरी पुरतं. पुढच्या पाच मिनिटांत कुणीतरी तुमची उंची-वजन डोळ्यांनी मोजून तुमची जागा ठरवून टाकेल. सडपातळ असाल तर कडेला विंगवर. पोट असेल तर प्रॉप, म्हणजे पहिल्या फळीतला ढकलणारा. या खेळात पोटाची कुणाला लाज नसते, उलट मागणी असते.

धडकाधडकी नको असेल तर ‘रग्बी पाचचं’ विचारा. यात टॅकल नसतो, म्हणजे धरून पाडायचं नसतं, नुसता स्पर्श, आणि स्त्री-पुरुष एकत्र खेळतात. चाळिशी-पन्नाशीतले बरेच लोक यावरच खूश असतात. स्त्रियांसाठी वेगळी शिडी आहे, वर एलीत १ आणि एलीत २, खाली फेदेराल. छोट्या गावांत १५ जणी जमत नाहीत, म्हणून दहा-दहा जणींचे सामनेही खेळवतात.

लिसाँस: कागदपत्रांची पायरी

लिसाँस म्हणजे खेळाडूचा नोंदणी परवाना. त्याशिवाय सामना नाही. मोसम १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपतो आणि लिसाँस तेवढ्यापुरताच असतो. क्लबाचा सचिव महासंघाच्या ओव्हाल-ए या प्रणालीत तुमचं नाव घालतो, तुम्हाला ईमेल येतो, तुम्ही फोटो, ओळखपत्र आणि डॉक्टरांचा दाखला चढवता. दाखल्यावर स्पर्धेत रग्बी खेळायला हरकत नाही असं स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं. नुसतं ‘खेळ करायला तंदुरुस्त’ लिहून आणलं तर परत पाठवतात. सोपा मार्ग म्हणजे क्लबाकडून छापील नमुना घ्यायचा, तोच डॉक्टरांसमोर ठेवायचा आणि सही-शिक्का घ्यायचा. चाळिशी ओलांडली असेल तर तपासण्या वाढतात, त्यासाठी वेळ हाताशी ठेवा. सप्टेंबरात सगळ्या गावाला एकाच डॉक्टरकडे जायचं असतं.

शुल्क क्लबागणिक वेगळं. त्यात विमा असतोच, पण किमान पातळीचा. अपघाताने काम बुडलं तर पगाराची भरपाई वगैरे हवी असेल तर वरचा पर्याय पैसे भरून घ्यावा लागतो. फॉर्मवर ती चौकट असते आणि बहुतेक जण न वाचता ‘नको’वर खूण करतात. तुम्ही वाचा. परदेशात कामाच्या परवान्यावर असताना मोडलेलं मनगट नुसत्या प्लास्टरवर भागत नाही.

आधी भारतात नोंदणीकृत खेळाडू असाल, उदाहरणार्थ मुंबईत बॉम्बे जिमखान्याकडून स्पर्धा खेळला असाल, तर देश बदलताना जुन्या महासंघाची मोकळीक लागते. हे क्लबाच्या सचिवाला पहिल्याच दिवशी सांगा. ऑक्टोबरात कळलं तर तो तुमच्यावर चिडेल, आणि बरोबरच चिडेल.

रविवार कसा घडतो

सराव आठवड्यातून दोनदा, कामं आटोपल्यावर, बहुधा मंगळवार किंवा बुधवार आणि मग शुक्रवार. शुक्रवारी सरावानंतर संघ जाहीर होतो. दोन संघ: पहिला आणि राखीव. राखीव म्हणजे बाकावर बसलेले नव्हेत, तो पूर्ण वेगळा संघ आहे, ज्याचे सामने, गुणतक्ता आणि बाद फेऱ्या सगळं वेगळं. रविवारी राखीव संघ दीड वाजता खेळतो, पहिला संघ तीन वाजता. समोरही एकाच क्लबाचे दोन संघ.

म्हणजे एका क्लबाला एका दुपारी चाळीसच्या वर माणसं लागतात. जानेवारीत, फ्लूच्या साथीत, दोन लग्नं आणि एक बारसं असताना. राखीव संघाचा प्रशिक्षक शनिवारी रात्री फोन करत असतो. पस्तिशीत निवृत्त झालेला, गुडघ्याला पट्टा बांधलेला जुना हूकर, म्हणजे दोन प्रॉपच्या मधला खेळाडू, अशाच एका फोनवर परत येतो. ‘बस बाकावर बस, गरज पडली तरच,’ असं त्याला सांगितलेलं असतं आणि विसाव्या मिनिटाला तो मैदानात असतो.

तुम्ही पहिल्यांदा खेळाल ते याच दीड वाजताच्या सामन्यात. बाराच्या सुमारास पोहोचा. ड्रेसिंग रूममध्ये कापराच्या मलमाचा उग्र वास, एका कोपऱ्यात कुणी कानांवर चिकटपट्टी गुंडाळतोय, दुसऱ्या कोपऱ्यात तुमच्या नावाचा शोध. क्लबाचा पदाधिकारी टॅब्लेटवर सामनापत्र भरत असतो, त्यात पहिल्या फळीत कोण खेळू शकतो हे वेगळं नोंदवावं लागतं. मग पंच येतात, एकेकाला बुटांचे खिळे दाखवायला सांगतात, धारदार कड असेल तर बोटाने चाचपून ‘घासून आण’ म्हणतात. कडेच्या रेषेवर झेंडा घेऊन उभा राहणारा माणूस खालच्या विभागांत बहुतेकदा क्लबाचाच असतो. घरच्या आणि पाहुण्या, दोघांनाही आपापला द्यावा लागतो. त्याच्या झेंड्यावरून होणाऱ्या वादांवर स्वतंत्र लेख होईल.

पहिल्या फळीची नोंद इतकी महत्त्वाची का? स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे खेळाडू वाकून एकमेकांना ढकलतात तेव्हा, मानेवर जो भार येतो तो न शिकलेल्या माणसाच्या मानेवर येऊ द्यायचा नाही म्हणून. प्रशिक्षित प्रॉप-हूकर संपले, की स्क्रम नुसता बांधायचा, ढकलायचा नाही. ज्या संघाचा स्क्रम तगडा असतो त्याची यात चिडचिड होते आणि समोरच्याचा प्रॉप खरंच जखमी झाला की सोयीने, यावर प्रेक्षकांत तातडीची सुनावणी होते.

हिवाळ्यात आणखी एक गंमत. मैदान नगरपालिकेचं असतं. पावसाने चिखल झाला किंवा पांढरं दव गोठलं, तर महापौर हुकूम काढून मैदान बंद करू शकतो आणि सामना पुढे जातो. महत्त्वाचे चार खेळाडू जखमी असताना गावचं मैदान अचानक फार ओलं झाल्याचं आढळतं, अशी कुजबुज प्रत्येक गटात असते. शुक्रवारी संध्याकाळी क्लबाचा संदेश बघितल्याशिवाय गाडीत पेट्रोल भरू नका.

नियमांत काय वेगळं

मूळ खेळ तोच. १५ विरुद्ध १५, चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन भाग, ट्रायला, म्हणजे चेंडू समोरच्याच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवला की, ५ गुण, त्यानंतरच्या किकला २, पेनल्टी आणि ड्रॉपला ३. पण टीव्हीवर बघून शिकलेला टॅकल इथे चालत नाही.

२०१८ मध्ये फ्रान्सने खेळताना झालेल्या दुखापतींमुळे काही तरुण खेळाडू गमावले. त्यानंतर २०१९ पासून महासंघाने हौशी विभागांत टॅकलची रेषा खाली आणली, ती कमरेवर. त्याच्या वर पकडलं की पेनल्टी. दोघांनी मिळून एकाच वेळी एकावर तुटून पडायलाही मनाई. सुरुवातीला जुन्या खेळाडूंनी ‘हा नाच झाला, रग्बी नाही’ म्हणून बरीच आदळआपट केली. आज सराव पाहिलात तर अर्धा वेळ याच एका गोष्टीवर जातो: गुडघे वाकवा, डोकं योग्य बाजूला, खांदा मांडीवर. माझ्या मते नवख्यासाठी हा या लीगमधला सर्वांत चांगला बदल आहे. उंच आणि जड माणूस समोरून धावत आला की काय करायचं, याचं एकच उत्तर उरतं आणि ते शिकता येतं.

पिवळं कार्ड म्हणजे दहा मिनिटं बाहेर, लाल म्हणजे घरी आणि नंतर शिस्त समितीसमोर. फ्रान्समध्ये निळं कार्डही आहे. डोक्याला मार बसून भान हरपल्याची शंका आली, की पंच ते दाखवतात. ही शिक्षा नाही. पण त्या दिवशी तुम्ही परत मैदानात जाऊ शकत नाही, आणि डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्याशिवाय व ठरलेली विश्रांती झाल्याशिवाय पुढच्या सामन्यांतही नाही. ‘मी ठीक आहे’ म्हणून वाद घालू नका. पंचांच्या जागी तुमचा मित्र असता तर त्यानेही तेच केलं असतं.

खालच्या विभागांत बाहेर गेलेला खेळाडू परत आत येऊ शकतो, मर्यादेत. दमलेल्या जुन्या हूकरसाठी हा नियम म्हणजे संजीवनी.

गुणतक्ता

जिंकलं तर ४, बरोबरी २, हरलं तर शून्य. वर दोन बोनस. समोरच्यापेक्षा तीन ट्राय जास्त केले तर आक्रमणाचा एक गुण. थोडक्या फरकाने हरलात तर बचावाचा एक. तो फरक किती, हे त्या मोसमाच्या तुमच्या विभागाच्या नियमपत्रात लिहिलेलं असतं. तर सोमवारचा तो सहकारी हरूनही खूश होता, त्याचं कारण हा बचावाचा गुण.

आक्रमणाचा बोनस फरकाने मोजतात हे लक्षात ठेवा, कारण शेवटची दहा मिनिटं त्यामुळेच रंगतात. चार ट्रायनी पुढे असलेला संघ आरामात असतो, समोरचा सामना कधीच हरलेला असतो. तरी तो जिवाच्या आकांताने एक ट्राय मागत असतो, म्हणजे फरक तीन. आणखी एक, फरक दोन, आणि पुढे असलेल्या संघाचा बोनस गेला. हरलेला संघ शेवटच्या मिनिटाला ट्राय करून उड्या का मारतोय, असा प्रश्न नवख्याला पडतो तो इथे.

संघ आलाच नाही, तर केवळ पराभव नाही, वर दोन गुण वजा आणि दंड. वारंवार झालं तर स्पर्धेतूनच बाहेर. राखीव संघ उभा करता आला नाही तरी क्लबाला भोगावं लागतं. शनिवारी रात्रीचे ते फोन का, ते आता कळेल. याशिवाय विभागाप्रमाणे क्लबाकडे मुलांची रग्बी शाळा हवी, कुमार संघ हवेत, स्वतःचे पंच हवेत. नसतील तर मैदानावर कमावलेली बढतीही अडकू शकते. पंच व्हायची तयारी दाखवणाऱ्या माणसाला म्हणूनच क्लबात फार जपतात. पळायला आवडतं पण धडका नकोत, अशांनी याचा विचार करावा.

वसंत ऋतू: खरी लीग इथे सुरू होते

सप्टेंबर ते एप्रिल गटातले सामने, मग बाद फेऱ्या. फ्रेंच माणूस वर्षभर या आठवड्यांसाठी जगतो.

फ्रान्सची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १८९२ साली झाली, खरं तर एकच सामना: पॅरिसमध्ये रेसिंग क्लबने स्ताद फ्राँसेला ४-३ असं हरवलं. पंच होते आधुनिक ऑलिंपिकचे जनक पिएर द कुबेर्ताँ. तेव्हापासून विजेत्याला ब्रेन्युस ढाल मिळते, लाकडावर बसवलेलं धातूचं पदक. चाहते तिला लाडाने ‘लाकडाचा तुकडा’ म्हणतात. ही ढाल टॉप १४ च्या विजेत्याची. पण प्रत्येक विभागाला स्वतःची ढाल आहे. फेदेराल ३ चा विजेताही फ्रान्सचा चॅम्पियन, आणि राखीव संघांचाही चॅम्पियन असतो. रेजिओनालमध्ये आधी प्रदेशाचा विजेता ठरतो, मग प्रदेशाप्रदेशांतून निवडलेले क्लब देशाच्या विजेतेपदासाठी भिडतात. अडीच हजार वस्तीच्या गावातला गवंडीही मोसमाच्या शेवटी फ्रान्सचा चॅम्पियन होऊ शकतो, आणि तो स्वतःची ओळख करून देताना हे विसरत नाही.

बढती आणि विजेतेपद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, नवखे इथे गल्लत करतात. बहुतेक विभागांत बाद फेरीचा एक ठरावीक टप्पा ओलांडला, की वर जाणं पक्कं होतं. त्या लढतीत बहुतेकदा घरी-बाहेर असे दोन सामने असतात आणि वातावरण सर्वांत तापलेलं असतं. पुढचे सामने ढालीसाठी. वर जाणं नक्की झालेला संघ तिथे मोकळेपणाने खेळतो. बघायला जायचं तर माझी शिफारस बढतीच्या सामन्याची, परतीच्या. शेवटच्या फेरीत कधी सगळं गाव बसगाड्यांतून निघतं, पितळी वाद्यांचं पथक पुढे, आणि बेकरीच्या दारावर पाटी: ‘सामन्यामुळे बंद’.

खाली येणं एवढं गाजत नाही, पण फार लांबवर पोहोचू शकतं. लूर्द हा १९४८ ते १९६८ या काळात आठ वेळा फ्रान्सचा चॅम्पियन झालेला क्लब. फ्रान्सचा कर्णधार राहिलेल्या झाँ प्राचा क्लब. आज तो हौशी विभागांत खेळतो. अशा क्लबाविरुद्ध तुमच्या गावचा सामना लागला, तर तिकीट काही युरोंचंच असतं, आणि जुन्या प्रेक्षकांचं बोलणं ऐकायचे वेगळे पैसे पडत नाहीत.

हौशी म्हणजे किती हौशी

हा प्रश्न फ्रान्समध्ये शंभर वर्षं जुना आहे. १९२० च्या दशकात क्लब खेळाडूंना चोरून पैसे देत, नोकऱ्या लावत. ओद खोऱ्यातल्या कियाँ या छोट्या गावात टोप्यांचे कारखानदार झाँ बुरेल यांनी दुसऱ्या क्लबांतले खेळाडू आणून कामाला ठेवले आणि १९२९ साली कियाँ फ्रान्सचं चॅम्पियन झालं. याच काळात मैदानावर मृत्यूही झाले. छुपे पैसे आणि हिंसा यांना कंटाळून १९३१ साली ब्रिटिश बेटांवरच्या महासंघांनी फ्रान्सशी संबंध तोडले. फाइव्ह नेशन्स या वार्षिक स्पर्धेत फ्रान्स परत खेळला तो थेट १९४७ साली. ऑगस्ट १९९५ मध्ये, पॅरिसमधल्याच बैठकीत, रग्बी युनियन अधिकृतपणे व्यावसायिक झालं.

आज फेदेरालच्या वरच्या पातळीवर सामन्यामागे थोडे पैसे, प्रवासखर्च किंवा ओळखीच्या ठिकाणी नोकरी मिळते. रेजिओनालमध्ये बहुतेकांना गरम आंघोळ आणि बिअर. क्लबांचे हिशोब तपासणारी महासंघाची यंत्रणा आहे आणि वरच्या हौशी विभागांत ती क्लबाला मैदानावरचं स्थान काहीही असलं तरी खाली ढकलू शकते. उन्हाळ्यात अचानक एखादा क्लब दोन पायऱ्या खाली गेल्याची बातमी आली, तर कारण बहुधा चेकबुकात असतं.

कायद्याने क्लब म्हणजे १९०१ च्या कायद्याखालची संस्था. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि बिनपगारी कामाची माणसं, ज्यांना ‘बेनेव्होल’ म्हणतात. पैसा येतो नगरपालिकेच्या अनुदानातून, मैदानाभोवतीच्या फलकांतून, जेवणावळी आणि लोत्तोच्या (हाउझीसारखा खेळ) संध्याकाळींतून, आणि सर्वांत जास्त ब्युव्हेतमधून. ब्युव्हेत म्हणजे मैदानाकडेचा टपरीवजा बार. क्रीडा संस्थेला तात्पुरत्या बारसाठी महापौराकडून वर्षाला जास्तीत जास्त १० परवानग्या मिळतात. घरचे सामनेच ११ असतात, यावरून कायदा करणाऱ्याने कधी गटाचं वेळापत्रक बघितलं नसावं असं दिसतं. या परवानगीत वाइन आणि बिअर बसते, पास्तिस, म्हणजे बडीशेपेच्या चवीची कडक दारू, बसत नाही. प्रत्यक्षात काय दिसतं ते तुम्ही बघालच.

ब्युव्हेतवर उभं राहणं हा क्लबात शिरायचा सर्वांत जवळचा रस्ता आहे, खेळण्यापेक्षाही. फ्रेंच तोडकंमोडकं असलं तरी ‘दोन बिअर, एक सॉसेज-फ्राईज’ एवढं चार रविवारांत पाठ होतं आणि अख्खं गाव तुम्हाला चेहऱ्याने ओळखू लागतं. शाकाहारी असाल तर फ्राईज, चीज घातलेला लांबट ‘बागेत’ पाव आणि पोरांसाठी आणलेले केक. एकदा सांगून ठेवलं, की पुढच्या वेळी तुमच्यासाठी काहीतरी बाजूला काढलेलं असतं.

सामना संपल्यावर

सामना संपला की दोन्ही संघ रांगा करून एकमेकांना टाळ्या देतात, मग आंघोळ, मग क्लब-हाउस. हा ‘तिसरा हाफ’ ऐच्छिक आहे, पण पहिल्या दिवशी पळून जाऊ नका. ज्याने तुम्हाला सत्तर मिनिटं चिखलात लोळवलं त्याच्याच शेजारी बसून जेवायचं असतं. दारू पीत नसाल तर सरबत मागा, एकदा चिडवतील, मग विसरतील. सगळे एकमेकांना ‘त्यू’, म्हणजे अरे-तुरे, म्हणतात, अगदी अध्यक्षांनाही. पंचांना मात्र मैदानावर ‘मस्यू लार्बित्र’ (पंच महाशय) आणि अहो-जाहो, आणि बोलायचं फक्त कर्णधाराने.

सोमवारी सकाळी पिवळ्या कागदावर छापलेलं ‘मिदी ऑलिंपिक’ घ्या. १९२९ पासून निघणारं हे पत्र सगळे ‘मिदोल’ म्हणतात. पुढची पानं टॉप १४ ची, पण हौशी विभागांचे निकालही त्यात असतात, आणि बारमध्ये घडी घातलेला अंक बहुतेकदा त्याच पानावर उघडा असतो.

मुलांना पाठवायचं असेल तर

रग्बी शाळा सहा वर्षांखालच्यांपासून चौदापर्यंत. एम६, एम८ अशा दोन-दोन वर्षांच्या तुकड्या, त्यानंतर एम१६ आणि एम१९. लहानग्यांचे सामने शनिवारी, चार-पाच क्लब एकाच मैदानावर, छोट्या संघांनी. लहान वयात गुणतक्त्यापेक्षा पडायचं कसं आणि पाडायचं कसं हे शिकवण्यावर भर असतो. छोट्या गावांत एम१६ पासून दोन-तीन क्लब मिळून एक संघ करतात, म्हणून मुलाच्या जर्सीवर शेजारगावचा रंग दिसला तर दचकू नका. पालकांनी गाडीतून मुलं ने-आण करायची आणि आळीपाळीने खाऊ आणायचा, हे फॉर्मवर नसतं पण गृहीत असतं. एकदा तिळाचे लाडू नेऊन बघा.

पहिल्या सरावाला काय न्यायचं

लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या खिळ्यांचे बूट लगेच घेऊ नका, साधे प्लास्टिक खिळ्यांचे चालतात. दातांचं कवच मात्र पहिल्या दिवसापासून घाला. औषधाच्या किंवा खेळाच्या दुकानात मिळणारं, गरम पाण्यात बुडवून दातांवर बसवायचं. जाड सुती जुनी जर्सी, टॉवेल, पाण्याची बाटली, चपला. नखं कापून जा, अंगठी आणि गळ्यातली साखळी घरी ठेवा. पूर्वमोसमी सराव ऑगस्टमध्ये सुरू होतो, पण जून संपता संपता एकदा क्लबात तोंड दाखवून आलात तर लिसाँसचा ईमेल जुलैतच येतो आणि डॉक्टरांची वेळही सहज मिळते.